महाग फ्लाय रॉड घ्यावा का? आधी फेकून बघा, मग ठरवा

५ नंबरचा ९ फुटी फ्लाय रॉड, म्हणजे खोटी माशी फेकून मासे पकडायची काठी, अडीचशे डॉलरला मिळतो, आणि तसाच ५ नंबरचा ९ फुटी रॉड अकराशे डॉलरलाही मिळतो. दोन्ही चार तुकड्यांचे, दोन्ही कार्बनचे, दुकानात हातात घेऊन हलवले तर दोन्ही हलकेच लागतात. मग वरचे साडेआठशे डॉलर कशाचे? माझा भाचा शिक्षण संपवून जर्सी सिटीत नोकरीला लागला, दोनतीनदा माझ्याबरोबर नदीवर आला, त्याला हे प्रकरण फार आवडलं आणि पहिला बोनस हातात आल्या आल्या त्याचा फोन, "मामा, एकदाच चांगला घेऊन टाकू का?"

"एकदाच चांगला घेऊन टाकू" हे आपल्या घराघरातलं वाक्य आहे. फ्रिज घेताना, मिक्सर घेताना, कपाट घेताना सगळीकडे हेच चालतं आणि बऱ्याचदा बरोबरही असतं. फ्लाय रॉडला मात्र ते लागू पडत नाही, कारण चांगला म्हणजे कोणासाठी आणि कुठल्या पाण्यावर चांगला हे सुरुवातीला आपल्यालाच माहीत नसतं. फ्रिज कोणाच्याही घरी सारखाच थंड करतो. रॉड प्रत्येकाच्या हातात वेगळा वागतो. म्हणून भाच्याला फोनवर जे तासभर सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय, न्यू जर्सी आणि आसपास आपले बरेच लोक आता या नादाला लागलेत, त्यांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "रॉड कुठलाही चालतो, हात पाहिजे" असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्याकडे मालवणला गरी टाकतात तेव्हा गळाजवळ शिसं असतं, त्या शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते, काठी कळकाची असली तरी काम होतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. पिसं आणि दोऱ्याची बनवलेली ती माशी, तिला वजन जवळपास नाहीच, ती स्वतःहून दहा फूटसुद्धा जाणार नाही. वजन असतं लाइनला, आणि त्या लाइनच्या वजनाने रॉड वाकतो, सरळ होताना लाइन पुढे फेकतो आणि माशी तिच्या मागे मागे जाते. रॉडवरचा नंबर म्हणजे तेच वजन. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन भरले पाहिजेत असं प्रमाण आहे, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ८ नंबरला २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा वजनावर सगळा खेळ चालतो, त्यामुळे रॉड कसा वाकतो आणि किती लवकर सरळ होतो याला खरंच महत्त्व आहे. प्रश्न एवढाच की त्यातलं किती तुमच्या हाताला आज वापरता येतं.

जास्तीचे पैसे जातात कुठे

सगळ्यात मोठा भाग कार्बन आणि त्याला बांधून ठेवणाऱ्या रेझिनचा. महाग रॉडमध्ये जास्त ताठ जातीचं कार्बन फायबर वापरतात, म्हणजे तेवढीच ताकद कमी मालात मिळते आणि रॉडचं टोक हलकं राहतं. एकूण वजनातला फरक ऐकायला काहीच वाटत नाही, ५ नंबरचे बहुतेक रॉड तीन औंसांच्या मागेपुढेच असतात, पण ते वजन मुठीजवळ आहे की टोकाला आहे यावर सगळं अवलंबून असतं. झाडू मुठीकडून धरा आणि मग उलटा करून धरा, वजन तेच, हाताला मात्र फरक कळतो. दिवसभरात हजारेक फेका होतात, तेव्हा टोकाकडचे चार ग्रॅमसुद्धा संध्याकाळी खांद्यात जाणवतात.

दुसरं म्हणजे थांबवल्यावर टोक किती वेळ थरथरतं. स्वस्त रॉड पुढे थांबवला की टोक अजून दोनतीनदा वरखाली होतं आणि तीच थरथर लाटांसारखी लाइनमध्ये उतरते, त्या लाटांमध्ये तुमच्या फेकीची ताकद वाया जाते. चांगल्या रॉडचं टोक लगेच शांत होतं. तिसरं, रॉड सरळ रेषेत वाकतो की किंचित डावीउजवीकडे पळतो. लांबच्या फेकीत अचूकता इथूनच येते आणि महाग रॉडमधला मला सगळ्यात खरा वाटणारा फरक हाच आहे.

बाकी कॉर्कची मूठ (स्वस्त मुठीत कॉर्कमधली भोकं पुट्टीने बुजवलेली असतात, दोन सीझनमध्ये ती पुट्टी गळून पडते), रीळ बसवायच्या जागी सुंदर लाकूड, लाइन ओवायच्या कड्या, रॉड ठेवायची नळी, पिशवी. छान दिसतं, हाताला छान लागतं, पण त्याने मासा लागत नाही. आणि मजुरी. ऑर्व्हिसचा हेलिओस व्हरमाँटमध्ये मँचेस्टरला बनतो, विन्स्टन मोंटानात ट्विन ब्रिजेसला, स्कॉट कोलोरॅडोत माँट्रोझला, सेज वॉशिंग्टनमध्ये बेनब्रिज आयलंडवर. अमेरिकेतल्या कारागिराचा पगार त्या किमतीत असतो. कोणाला ते महत्त्वाचं वाटत असेल तर त्यात चूक काही नाही, फक्त पैसे कशाचे देतोय ते माहीत असावं.

इथे एक गैरसमज काढून टाका. फास्ट म्हणजे भारी आणि स्लो म्हणजे हलका माल, असं अजिबात नाही. फास्ट रॉड टोकाकडे जास्त वाकतो, मिडियम मध्यापर्यंत वाकतो, स्लो जवळजवळ मुठीपर्यंत वाकतो, एवढाच अर्थ. बांबूचे स्लो रॉड हजारोंच्या घरात जातात. फक्त कंपन्यांचे सगळ्यात महाग, सगळ्यात जास्त जाहिरात होणारे रॉड बऱ्याचदा फास्ट असतात म्हणून लोकांच्या डोक्यात तसं बसलंय.

माझं स्वतःचं सांगतो. दुसऱ्याच वर्षी मी एका दुकानातून एक महागडा फास्ट रॉड घेतला. दुकानदाराने सांगितलं हा घेतला की आयुष्यभर बघायला नको, आणि मी लाइन न लावता चारदा हलवून बघितला आणि घेतला. मग तो घेऊन न्यू जर्सीतल्या केन लॉकवूड गॉर्ज या नदीच्या घळीत जायला लागलो. तिथे मोठमोठे दगड, त्यांच्यामधली छोटी खळगी, मासा तुमच्यापासून १५-२० फुटांवर. एवढ्या जवळ फेकताना टोकाबाहेर लाइन असते जेमतेम आठदहा फूट, बाकी लीडर (लाइन आणि माशी यांच्यामधला बारीक दोरा), आणि तेवढ्या वजनाने तो रॉड वाकतच नव्हता. काठीने दोरी ढकलल्यासारखं व्हायचं. जवळजवळ वर्षभर मला वाटत राहिलं की आपला हातच या कामाचा नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या वर्षी मी दोनदा सगळं सामान विकून टाकायच्या विचारात होतो. शेवटी एका सर्टिफाइड कास्टिंग इन्स्ट्रक्टरकडे तासाचे ८० डॉलर भरून गेलो. त्यांनी माझं मनगट कुठे मोडतंय ते दाखवलं आणि स्वतःचा एक साधा मिडियम रॉड हातात दिला. अर्ध्या तासात माशी जिथे बघतोय तिथे पडायला लागली. माझा रॉड वाईट नव्हता, पुढे मोठ्या नदीवर त्याने उत्तम काम केलं. त्या पाण्यासाठी आणि त्या वेळच्या माझ्या हातासाठी तो चुकीचा होता, एवढंच.

आधी पाणी ठरवा

म्हणून पहिला प्रश्न बजेटचा नाही, पुढच्या दोन वर्षांत तुम्ही खरोखर कुठे जाणार आहात त्याचा आहे. स्वप्नातल्या मोंटानाचा विचार करू नका, शनिवारी सकाळी डबा घेऊन कुठे जाता ते बघा.

गॉर्जसारखं लहान, दगडांचं पाणी असेल तर हजार डॉलरच्या रॉडचा फायदा तुम्हाला दिसणारच नाही. जवळची फेक, बरेचदा फेकसुद्धा नाही, लाइन वर उचलून निम्फ (पाण्याखाली बुडणारी माशी) प्रवाहात सोडायची आणि रॉड उंच धरून तिच्याबरोबर खाली जायचं. इथे मऊ टोक जास्त कामाचं, कारण ६ एक्सचा टिपेट (लीडरच्या टोकाचा सगळ्यात बारीक दोरा) केवळ पाच हजारांश इंच जाडीचा असतो आणि माशाने अचानक हिसका दिला की कडक टोकावर तो तटकन तुटतो. दीडशे ते तीनशे डॉलरमध्ये या कामाचे फार चांगले रॉड मिळतात. वीस वर्षांपूर्वी मिळायचे त्यापेक्षा आजचे स्वस्त रॉड कितीतरी चांगले आहेत हे जुने लोकसुद्धा सांगतात.

न्यूयॉर्क राज्यातली वेस्ट ब्रांच डेलावेअर नदी म्हणजे दुसरं टोक. कॅननसव्हिलच्या धरणाखालून थंडगार पाणी येतं, डिपॉझिटपासून हॅनकॉकपर्यंत रुंद, संथ, काचेसारखे डोह, आणि त्यात असे ब्राउन ट्राउट की त्यांना तुमची सावलीसुद्धा चालत नाही. एप्रिलच्या शेवटी नदीतून हेंड्रिक्सन नावाच्या खऱ्या माश्या निघायला लागल्या की मासा ५० फुटांवर वर येतो, तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे, लीडर १२ ते १५ फुटांचा, दुपारी खोऱ्यातून वर चढणारा वारा समोरून, आणि माशी त्या माशाच्या दोन फूट आधी, प्रवाहाच्या वरच्या बाजूला, आवाज न करता, पडायला पाहिजे. पहिली फेक चुकली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. इथे मात्र सरळ रेषेत चालणारा, लवकर शांत होणारा रॉड हातात असेल तर फरक पडतो आणि तो मी अनेकदा अनुभवलाय. पण लक्षात घ्या, ज्याला ५० फूट फेकता येत नाही त्याला तिथे कुठलाच रॉड मदत करत नाही.

आणि समुद्र. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सँडी हूकला स्ट्राइप्ड बास या माशासाठी ९ नंबर, वजनदार डोळ्यांची मोठी माशी, वारा कायम, आणि दर फेकीला ६०-७० फूट. स्वस्त ९ नंबरचा रॉड जड असतो आणि टोकाला जास्त जड असतो, दोन तासांत मनगट बोलायला लागतं, मग फेका आखूड होतात, आणि नेमके तेव्हाच मासे किनाऱ्याला येतात. माझं मत विचाराल तर जास्तीचे पैसे सगळ्यात जास्त वसूल होतात ते इथे, ट्राउटच्या रॉडमध्ये नाही. लोक मात्र उलट करतात, ट्राउटसाठी हजारचा रॉड आणि समुद्रासाठी काहीतरी घरात पडलेलं.

फेकून बघायची पद्धत

दुकानात नुसता हलवून बघण्याला काही अर्थ नाही, लाइनचं वजन नसताना रॉड काय करतो यावरून तो पाण्यावर काय करेल ते कळत नाही. चांगली दुकानं मागच्या पार्किंगमध्ये किंवा गवतावर फेकू देतात, जे देत नसतील तिथे घेऊ नका. आणि आपल्या लोकांसाठी तर सोय दारातच आहे. एडिसनच्या एक्स्पो सेंटरमध्ये जानेवारीच्या शेवटी फ्लाय फिशिंग शो भरतो, आत फेकून बघायला पाण्याचे लांब हौद केलेले असतात, एकाच छपराखाली बऱ्याच कंपन्यांचे रॉड एका दुपारी हातात घेता येतात. ओक ट्री रोडवर किराण्याला येणारी आपली कितीतरी मंडळी तिथून जवळच असतात आणि त्यांना याचा पत्ता नसतो.

जायच्या आधी स्वतःचं रीळ आणि स्वतःची लाइन बरोबर घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. हल्ली बऱ्याच लाइन डब्यावर ५ लिहितात पण प्रमाणापेक्षा अर्धा किंवा पूर्ण नंबर जड असतात. एका रॉडवर जड लाइन आणि दुसऱ्यावर प्रमाणातली लाइन लावून फेकलं तर तुम्ही रॉड नाही, लाइन तपासताय. प्रत्येक रॉडवर तेच रीळ, तीच लाइन, तोच लीडर. माशीच्या जागी लोकरीचा छोटा गोंडा बांधा, गळ नको, आसपास माणसं असतात.

शक्य असेल तर मित्राला सांगून मुठीच्या वर जिथे नाव आणि मालिका लिहिलेली असते तिथे कागदी टेप लावून घ्या. अकराशे डॉलर हे डोक्यात असलं की हाताला तो रॉड चांगलाच लागतो, हा माणसाचा स्वभाव आहे. भाच्याबरोबर गेलो तेव्हा चार रॉडना टेप लावली होती, १ ते ४ आकडे घातले होते, त्याने वहीत लिहिलं आणि मग टेप काढली. त्याला सगळ्यात आवडलेला निघाला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त रॉड. मला आवडलेला निघाला सगळ्यात महाग. दोघांचंही बरोबर होतं. मी चौदा वर्षं फेकतोय आणि तो चौथ्यांदा फेकत होता.

फेकायचं कसं, तर जमिनीवर जेवणाच्या कागदी प्लेटा ठेवा, एक २० फुटांवर, एक ३५ वर, एक ५० वर, टेपने मोजून, अंदाजाने नाही, अंदाजाने आपण सगळेच १० फूट जास्त धरतो. प्रत्येक प्लेटेला दहा दहा फेका आणि प्लेटेच्या हातभर आत किती पडल्या ते मोजा. सुरुवात २० फुटांपासूनच करा. सगळे जण पहिल्यांदा लांब फेकायला जातात, लांब गेली की खूष होतात आणि रॉड घेतात, पण ट्राउटचे बहुतेक मासे ४० फुटांच्या आत लागतात. २० फुटांवर जो रॉड वाकलेला हाताला जाणवत नाही तो तुमच्या लहान नदीवर तुम्हाला त्रास देणार, तो कितीही नामांकित असो.

मग सरळपणा बघा. फुटबॉलच्या मैदानावर पांढरी रेघ असते तिच्यावर उभे राहा आणि रेघेवरच मागेपुढे फेका. लाइन रेघेवर पडते की दर वेळी एकाच बाजूला सरकते? दोन्ही रॉडनी सरकत असेल तर दोष हाताचा आहे. एकाच रॉडने सरकत असेल तर रॉडचा.

पाणी उपलब्ध असेल तर रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडायची फेक, करून बघा, गवतावर ती नीट कळत नाही कारण लाइनला पाण्याची पकड लागते. आपल्याकडच्या नद्यांवर मागे झाडंच झाडं, निम्म्या फेका रोल कास्टच असतात, आणि बरेच फास्ट रॉड यात अवघडतात.

शेवटी, आवडलेला रॉड खाली न ठेवता सलग वीस मिनिटं फेका. पाच मिनिटांत सगळेच रॉड छान वाटतात. विसाव्या मिनिटाला अंगठ्याच्या मुळाशी काय वाटतंय ते खरं.

आता आकडे समोर ठेवा. महाग रॉडने ३५ फुटांवर दहातल्या सात आणि स्वस्त रॉडने सहा पडल्या असतील तर तुम्ही साडेआठशे डॉलर देऊन एक प्लेट विकत घेताय. तोच फरक आठ आणि चार असेल तर विचार करायला खरंच जागा आहे. आणि दोन्हींनी तीन तीनच पडल्या असतील तर रॉड घेऊच नका, आधी शिका. माझ्या अनुभवात पहिल्या दोन वर्षांत दोन तासांच्या शिकवणीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठलाही रॉड पाडू शकत नाही. मग रोज दहा मिनिटं गवतावर. मी तर एडिसनच्या रूझवेल्ट पार्कमध्ये ऑफिसच्या आधी जायचो, लोक थांबून विचारायचे की नक्की काय पकडताय, मी सांगायचो सराव करतोय.

हिशेब

रॉडची किंमत एकटी बघू नका, सगळ्या संचाची बघा. समजा हातात ६०० डॉलर आहेत. ६०० चा रॉड घेऊन त्यावर पॅकेटमधली स्वस्त लाइन लावणं ही मला दिसणारी सगळ्यात मोठी चूक आहे. २५० चा रॉड, ९०-१०० ची चांगली लाइन, १०० पर्यंतचं रीळ (ट्राउटसाठी रीळ म्हणजे मुख्यतः लाइन गुंडाळायची जागा, तिथे पैसे घालू नका, समुद्रासाठी मात्र घाला, तिथे ब्रेक चांगला लागतो), आणि उरलेल्या दीडशेत शिकवणी. हा माणूस सीझनच्या शेवटी ६०० च्या रॉडवाल्यापेक्षा पुढे असेल हे मी खात्रीने सांगतो. आणि आधीचा रॉड जड, मंद वाटायला लागला असेल तर नवीन घेण्याआधी लाइन कोमट पाण्यात, भांड्याच्या साध्या साबणाचे दोन थेंब घालून धुवा, मऊ फडक्याने पुसा. मळलेली लाइन कड्यांमध्ये अडकते, बुडायला लागते, आणि आपण दोष रॉडला देतो.

मग दिवस मोजा. वर्षाला १५ दिवस जाणारा माणूस पाच वर्षांत ७५ दिवस जातो. साडेआठशेचा फरक ७५ वर वाटला तर दिवसाला साधारण ११ डॉलर. पेट्रोल आणि टोल याहून जास्त होतो, त्यामुळे अशा माणसाने हात तयार असेल तर बिनधास्त घ्यावा. वर्षाला चारच दिवस जाणाऱ्याला तोच फरक दिवसाला साडेबेचाळीस डॉलर पडतो. तेवढ्यात अजून एकदा नदीवर जाता येईल, आणि जास्त दिवस पाण्यात उभं राहणं हे कुठल्याही रॉडपेक्षा जास्त शिकवतं. अकराशे डॉलर म्हणजे नव्वद हजार रुपयांच्या पुढे, हे घरी फोनवर सांगताना माझ्या तोंडून निघत नाही, पण ज्याचे दिवस तेवढे होतात त्याला त्याबद्दल अपराधी वाटायचं काही कारण नाही असं मला मनापासून वाटतं.

हमीबद्दल. ऑर्व्हिस २५ वर्षांची हमी देतं आणि ती त्यांच्या स्वस्त क्लिअरवॉटरलाही आहे, त्यामुळे "हमीसाठी महाग घेतला" हे कारण तिथे टिकत नाही. सेजची हमी पहिल्या मालकाला आयुष्यभर. पण हमी म्हणजे फुकट नव्हे, दर दुरुस्तीला काहीतरी शुल्क आणि पाठवायचा खर्च पडतोच, आणि रॉड काही आठवडे हातात नसतो. घेतानाच हे विचारून घ्या. रॉड माशाने क्वचितच मोडतो, तो मोडतो गाडीच्या दारात, घरातल्या पंख्यात, किंवा टंगस्टन मण्याची निम्फ फेकताना रॉडवर आपटून बारीक तडा जातो आणि पुढच्या आठवड्यात साध्या फेकीत तो तिथेच तुटतो. जोड सैल होऊन फिरला तरी मोडतो, म्हणून तासा दोन तासांनी चारही तुकडे हाताने दाबून बघायची सवय लावा. ही काळजी अडीचशेच्या आणि अकराशेच्या रॉडला सारखीच घ्यावी लागते.

सुट्टीत भारतात जाताना तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी रॉड नेणार असाल तर स्वस्तातलाच न्या. चार तुकड्यांची नळी तीस इंचांच्या आसपास असते, नेता येते, पण तिथे टोक मोडलं तर दुरुस्ती अमेरिकेत परत आल्यावरच.

मधला रस्ता म्हणजे जुना रॉड किंवा मागच्या मालिकेतला. कंपन्या दर काही वर्षांनी नवीन मालिका काढतात आणि आधीची, जी काल सर्वोत्तम होती, ती चांगल्या सुटीत निघते. चांगले रॉड यात चारशे-सहाशेच्या घरात येतात आणि माझ्या मते हात तयार झालेल्या बहुतेक लोकांची गरज तिथे पूर्ण होते. वापरलेला घेताना चारही तुकडे एकाशेजारी एक उभे करून लांबी बघा, टोकाचा तुकडा आखूड असेल तर तो मोडून परत कडी चिकटवलेली असू शकते. कड्यांच्या दोऱ्यावरच्या लॅकरला जोडापाशी तडा आहे का बघा. कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर तिथे खाच पडली आहे आणि ती तुमची लाइन खाणार. हळूच वाकवून कान द्या, टिक असा आवाज आला तर सोडून द्या. आणि हमी दुसऱ्या मालकाला चालते का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

भाच्याने शेवटी टेपखाली निघालेला तो स्वस्तातला रॉड घेतला, चांगली लाइन घेतली आणि माझ्या त्याच इन्स्ट्रक्टरकडे दोन तास गेला. मे महिन्यात गॉर्जमध्ये एका दगडामागून त्याने एकट्याने पहिला ब्राउन ट्राउट काढला, हातभर लांब नव्हता, वीतभरच होता, पण ओल्या हाताने सोडताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आता त्याला सँडी हूकला यायचंय. त्यासाठी लगेच काही घेऊ नकोस म्हटलं, पहिला सीझन माझा ९ नंबर वापर, हात काय म्हणतो बघ, मग जानेवारीत परत टेप आणि कागदी प्लेटा घेऊन एडिसनला जाऊ.